एक एल कमी, एक आय जास्त

आमच्या धंद्यात एकदा लाइव्ह गेलेल्या नावाला सहसा कुणी हात लावत नाही, स्पेलिंग चुकलं असलं तरी. एचटीटीपीच्या ‘रेफरर’मधला एक आर असाच कायमचा गेलाय. पक्ष्यांच्या जगातही हेच चालतं!

कॅनव्हासबॅक हे उत्तर अमेरिकेतलं बुडी मारणारं बदक. नराचं डोकं तांबूस, पाठ कॅनव्हाससारखी पांढुरकी. शास्त्रीय नाव ‘अयथ्या व्हॅलिसिनेरिया’.. हो, जीवशास्त्रात पाण्यातल्या परागीभवनासाठी घोकलेलं तेच व्हॅलिस्नेरिया! त्या पाणगवताच्या अमेरिकन भाऊबंदाचे चिखलातले कोंब आणि कंद हे बदक बुडी मारून उपटून खातं. अलेक्झांडर विल्सनच्या १८१४ च्या ग्रंथात एक एल गळला, एक आय जास्त पडला. नामकरणाच्या नियमांमुळे ते आजही तसंच आहे.

या गवतामुळेच म्हणे त्याचं मांस चविष्ट. त्यामुळे १९ व्या शतकात, हिवाळ्यात चेसापीक उपसागरावर उतरणाऱ्या या बदकांची बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. १९१८ च्या कायद्याने तिला चाप बसला. पण पुढे पाणी गढूळ होत गेलं आणि १९७२ साली अ‍ॅग्नेस वादळाने आणलेल्या गाळाने हे गवत पार झोपवलं. बदक बिचारं काय करणार? छोट्या शिंपल्यांवर भागवायला लागलं.

सस्क्वेहाना नदीच्या मुखाशी २००० नंतर पाणगवत पुन्हा वाढलं, पण पूर्वीचं सगळं परत आलेलं नाही. नावातली चूक जपायला जगभरचे शास्त्रज्ञ एकत्र येतात. नावातलं जेवण जपणं मात्र नदीकाठच्या प्रत्येक शेतावर आणि गटारावर अवलंबून आहे.