अर्ध्या रत्तीहून हलकी

फॉर्मवर ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा रकाना होता. मी साखरेची गोळी लिहिली, बीपीची लिहिली, थायरॉइडची लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. चौथी गोळी घरी सुपारीच्या जुन्या डब्यात होती. नैराश्याची. तीन वर्षं रोज रात्री मी ती घेत होते आणि नवऱ्याशिवाय घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आम्ही जबलपूरच्या सराफ्यातले. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेल्या कमानिया गेटपासून चार पावलांवर मी एका पेढीचे हिशेब लिहिते. इथं दिवसभर तोलणं चालतं. काटे ग्रॅमचे झाले, तरी म्हाताऱ्या कारागिरांच्या तोंडी आठ रत्तींचा मासा आणि बारा माशांचा तोळा अजून आहे. एका रिकाम्या दुपारी मी माझं वजन तोळ्यांत काढून पाहिलं. ११८ किलो म्हणजे जवळजवळ दहा हजार एकशे सतरा तोळे! आधी हसू आलं. मग कुणी बघण्याआधी कॅल्क्युलेटर पुसून टाकला.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं होतं. गुडघे गेलेले, साखर हाताबाहेर, आणि बीएमआय ४७. चौथी गोळी लिहिली तर सर्जन म्हणतील, ‘आधी डोकं ताळ्यावर आणा, मग पोटाचं बघू,’ ही माझी भीती. तेव्हा मी आणखी एक शहाणपणा केला. गोळीच बंद केली. म्हणजे लिहिलं नाही ते खोटंही ठरणार नाही.

तिसऱ्या दिवशी पेढीवर जमाखर्च लिहिताना मान वळवली आणि डोक्यात वीज चमकून गेली. दुखलं नाही, पण क्षणभर सगळं तुटलं आणि पुन्हा जोडलं गेलं. संध्याकाळपर्यंत असं वीसेक वेळा झालं. चक्कर, मळमळ, आणि सेठजींनी साधं “बिल हो गया?” विचारलं तरी डोळ्यांत पाणी. मला वाटलं, मेंदूत काहीतरी फुटलं.

आमच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमना फोन केला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गोळी कधी सोडलीत?” माझी गोळी होती डेसव्हेनलाफॅक्सिन. ती शरीरातून लवकर निघून जाते आणि अशी एकाएकी सोडली की हेच होतं, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशनच्या आधी कुणीही स्वतःच्या मनानं ही औषधं थांबवू नयेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून.

मग त्यांनी बोलावून घेतलं आणि पॅडवर पोट काढलं. माझी शस्त्रक्रिया बायपासची. जठराचा वरचा लिंबाएवढा भाग ठेवून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडायचा. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला तुकडा टाळून जातं. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, पण वाट तीच राहते. “आता गोळीचं काय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “गोळी तर एवढीशी आहे. ती जाईल की.”

ती जाते, पण विरघळायला तिला पूर्वीइतका वेळ आणि आम्ल मिळत नाही, आणि शोषायला जागा कमी पडते. त्यात माझी गोळी हळूहळू, दिवसभर झिरपणारी. तिला लांब वाट लागते आणि ती कुटून चालत नाही. कुटली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. २०१२मध्ये अमेरिकेत बायपासच्या बारा रुग्णांच्या रक्तातलं नैराश्याचं औषध शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोजलं होतं. महिन्याभरानंतर बारांपैकी आठ जणांत ते सरासरी निम्म्याच्या जवळ आलं होतं. पुढच्या महिन्यांत काहींचं पुन्हा वर चढलं. प्रत्येकाचं पोट वेगळं, त्यामुळे तुमचं काय होईल ते आधी सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मी पेढीवर दशांशाचा हिशेब ठेवणारी बाई. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मला झेपेना.

त्यांनी दोन महिने मागून घेतले. जुनी गोळी पुन्हा सुरू करून उतरवत नेली आणि तिच्या जागी साधी सर्ट्रालिन आणली, ५० मिलिग्राम. ती अर्धी करता येते, कुटता येते, आणि मात्रा थोडी थोडी वाढवता येते. मी मनात तोलून पाहिलं. एक रत्ती म्हणजे १२१ मिलिग्रामच्या आसपास. औषध अर्ध्या रत्तीहूनही हलकं. सोबत सर्जनसाठी चिठ्ठी दिली. कोणतं औषध, किती, का बदललं, आणि ऑपरेशननंतर वेदनेसाठी ट्रॅमाडॉलसारखं काही देण्याआधी या गोळीचा विचार व्हावा. दोन्ही मिळून सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

चिठ्ठी सर्जनांच्या टेबलावर ठेवताना माझी नजर खाली होती. त्यांनी वाचली, घडी घालून फाइलला लावली आणि म्हणाले, “अशी औषधं घेणारे पेशंट आम्हाला नवीन नाहीत. लपवलेलं औषध तेवढं आम्हाला सांभाळता येत नाही.” संपलं. दोन महिने ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

ऑपरेशन सुरळीत झालं. गोंधळ घरी निघताना झाला. डिस्चार्जच्या कागदावर कुणीतरी चिठ्ठीतली जुनी डेसव्हेनलाफॅक्सिनच उतरवली होती आणि खाली सरसकट सूचना होती: सर्व गोळ्या महिनाभर कुटून घेणे. नेमकी कुटायची नाही तीच गोळी! सिवनीच्या अलीकडे चहासाठी गाडी थांबली, तेव्हा यांनी कागद वाचला आणि मॅडमची चिठ्ठी शेजारी धरली. तिथूनच दोन्हीकडे फोन झाले. पोटाचे डॉक्टर पोट बघतात, मनाचे मन. मधला पोस्टमन आपल्यालाच व्हावं लागतं, हे मला त्या टपरीवर कळलं.

घरी आल्यावर रोज रात्री खलबत्त्यात सर्ट्रालिन. चव अशी कडू, की जिभेचा शेंडा बधिर व्हायचा. सासूबाई दारातून बघत. एके दिवशी त्यांनी विचारलं, “ही कसली गं?” मी सांगून टाकलं. त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाठ दुखते म्हणून मी घरातली नेहमीची गोळी मागितली, तर त्याच म्हणाल्या, “आधी विचार. तुझ्या त्या औषधाला चालते का?” नव्हतीच चालत. बायपासनंतर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो, आणि सर्ट्रालिन सोबत असली की रक्तस्रावाची भीती आणखी वाढते.

मॅडमनी मला एक वही ठेवायला सांगितली होती. डाव्या रकान्यात दर सोमवारी वजन, उजव्या रकान्यात पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीचे गुण, शून्य ते सत्तावीस. आकडा जितका मोठा तितकं नैराश्य जास्त. ऑपरेशनच्या आधी ११८ आणि ६. सहाव्या आठवड्यात १०३ आणि १५.

डावा रकाना साऱ्या सराफ्याला दिसत होता. बडा फव्वाऱ्याकडे जाताना ओळखीच्या बायका हात धरून विचारत, काय खातेस, काय करतेस. उजवा रकाना फक्त मला दिसत होता. साखरेची गोळी बंद झाली, बीपीची निम्मी झाली. घरात आनंद. मी मात्र मोरीत नळ सोडून रडायचे, आणि वर अपराधी वाटायचं, एवढा खर्च, एवढी सेवा, आणि हिचं हे असं!

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्या सोमवारी मी तिथे शून्य लिहू शकले नाही. रात्री दोन वाजता १४४१६ फिरवला. २०२२मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा चोवीस तास असते. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकलं आणि सकाळी मॅडमना गाठायचं कबूल करून घेतलं.

मॅडमनी आधी पंधरा गुण फोडले. भूक नाही, थकवा, झोप मोडते, हे तीन प्रश्न नव्या पोटामुळेही वर जातात. म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले आणि बी-१२, लोह, थायरॉइड तपासून घेतलं. पण उदासी, अपराधीपणा आणि तो नववा प्रश्न पोटाच्या खात्यावर टाकता येईना. गोळी आधी ७५ झाली, मग १००. यांनाही त्यांनी समोर बसवलं. कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग आधीपेक्षा दीडपट झालेले आढळले होते. “वजन उतरलं म्हणून लक्ष काढू नका,” असं त्यांनी यांना बजावलं.

बाकीच्या गोळ्या कमी होताना हीच वाढली, हे मला आधी हरल्यासारखं वाटलं. मग पेढीवर एका कारागिराला सोनं देताना हात थांबला. दागिना घडवताना थोडं सोनं झिजतं, म्हणून आपण घट धरतो. त्याला चोरी म्हणत नाही आणि कारागिराला वाईटही म्हणत नाही. माझ्या पोटातही घट होती. १०० लिहिलं म्हणून आजार दुप्पट झाला नव्हता. वाटेत जेवढं गळत होतं, तेवढं वरून घातलं होतं.

आता दहावा महिना चालू आहे. ८६ आणि ५. गेल्या आठवड्यात हातांना बारीक कंप जाणवला, बिलावरची अक्षरं हलली. मॅडम म्हणाल्या, आतडं जुळवून घेत असेल तर आता औषध जास्तही पोचत असेल, ७५वर येऊन बघू. म्हणजे घटही कायमची नाही! सेठजींचा दंडक आहे की हिशेबाच्या वहीत पेन्सिल लावायची नाही. सोमवारच्या वहीत मी पेन्सिलनंच लिहिते. पुढच्या ओळीवर तारीख घातली आहे, आणि दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.