बंद फाटकापाशी

हाँगकाँगला गेलेली माणसे बाजार पालथे घालून येतात. आम्ही उभयतांनी मात्र एका दुपारी डायमंड हिलहून क्लिअरवॉटर बेची बस धरली. बस डोंगर चढू लागली, खाली समुद्र चमकला आणि एका वळणावर शॉ बंधूंची जुनी चित्रनगरी दिसली. १९६१ साली ती इथे सुरू झाली. एके काळी नटनट्यांची बिऱ्हाडेही आवारातच असत. आता फाटक बंद, भिंतींचे रंग उडालेले.

"अहो, हे दाखवायला आणलंत होय?" सौ. म्हणाली.

वर्गाबाहेरही व्याख्यान दिल्यावाचून आम्हां मास्तरांना राहवत नाही! मी चेंग पेई-पेईची हकीकत सुरू केली. शांघायची ही मुलगी लहानपणी नाच शिकली होती. दिग्दर्शक किंग हू यांनी १९६६ साली ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये तिच्या हाती शस्त्र दिले. पकडलेल्या भावाला सोडवायला ती पुरुषवेषात खानावळीत येऊन बसते. भोवती गुंडांचे कोंडाळे, आणि ही एकटी त्यांना जेरीस आणते! पायांतला ताल हातांत उतरला होता. लोक तिला तलवारीची राणी म्हणू लागले. पुढे लग्न झाले, अमेरिकेत संसार थाटला, चार मुले झाली.

"म्हणजे सुटलंच की सगळं," सौ. हळूच म्हणाली.

माझे व्याख्यान थांबले. तिचे कथ्थकचे घुंगरू गेली वीस वर्षे माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. ती ते ठेवत असताना मी "राहू दे बाहेर" म्हटले नव्हते.

मग उरलेले सांगितले. २००० साली आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये ती खलनायिका झाली. बाई म्हणून गुरूने विद्या नाकारलेली, चोरलेल्या ग्रंथातली अक्षरे न उमगल्याने नुसत्या चित्रांवरून शिकलेली अशी ती जेड फॉक्स! खलनायिका खरी, पण मला शिक्षकाला तिचा राग येईना. चेंग पेई-पेई २०२४ साली वारली.

"इतक्या वर्षांनी जमलं तिला?"

"जमलं तर!"

परतीच्या बसमध्ये ती काही बोलली नाही. घरी आल्यावर ट्रंक मी खाली काढली. घुंगरांची दोरी कुजली होती. नवी आणायला तीच बाजारात गेली.