शनिवार-रविवार, सन 1775

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला कधी जावं असं कोणी विचारलं, तर मी ऑक्टोबर सांगते. उन्हाळ्यात तिथली हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी अंगाला चिकटते. डिसेंबरात दारोदारी फळापानांची तोरणं लागतात आणि ती बघायला झुंबड उडते. ऑक्टोबरात ऊन मऊ झालेलं असतं, झाडं पिवळी-तांबडी होऊ लागलेली असतात आणि विटा पाडणारी मंडळी भट्टीच्या तयारीला लागलेली असतात. आमचाही बेत याच दिवसांतला आहे. साताऱ्याहून आई आली आहे. लेक चौथीत आहे, आणि इथे चौथीला व्हर्जिनियाचा इतिहास असतो. रात्रीची जेवणं झाली की टेबलावर नकाशा पसरून आम्ही तिघी बसतो आणि त्या दोन दिवसांची वाटणी करतो.

वाटणी सोपी नाही. तसं ते गाव लहानसं. एका टोकाला विल्यम अँड मेरी कॉलेजची जुनी इमारत, दुसऱ्या टोकाला कॅपिटॉल म्हणजे वसाहतीचं विधिमंडळ, आणि मधे सरळ धावणारा जेमतेम मैलभराचा ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट. जेम्सटाउनचं सभागृह जळालं आणि 1699मध्ये राजधानी इथे आली. 1780मध्ये ती रिचमंडला गेली आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच वाचलं. ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू डॉ. गुडविन यांच्या मनात या गावाला त्याचं अठरावं शतक परत द्यायचं होतं. 1926मध्ये त्यांनी धाकट्या जॉन रॉकफेलर यांचं मन वळवलं. मग घरामागून घर, भूखंडामागून भूखंड गुपचूप विकत घेतले गेले. पैसा कोणाचा, हे गावाला 1928पर्यंत कळलं नाही. जुन्या 88 इमारती दुरुस्त झाल्या, कितीतरी जुन्या पायांवर नव्यानं उभ्या राहिल्या, आणि नंतरच्या काळातल्या शेकडो पाडून टाकल्या गेल्या. आज तिथे जुन्या वेशातली माणसं वावरतात, जुनी कामं जुन्या हत्यारांनी करतात, कोणी जेफरसन होऊन तुमच्याशी वाद घालतं. रस्त्यावरून कोणीही फुकट हिंडावं. घरांच्या आणि कारखान्यांच्या आत जायचं तर तिकीट.

मला या गावाबद्दल आस्था वाटते, ती त्याच्या देखणेपणापेक्षा त्यानं केलेल्या निवडीमुळे. भूतकाळ सगळाच्या सगळा उभा करता येत नाही. कुठलं तरी वर्ष धरावं लागतं आणि बाकीची सोडून द्यावी लागतात. विल्यम्सबर्गनं अमेरिकन क्रांतीच्या आसपासची वर्षं धरली. पण कॅपिटॉलची गंमत बघा. पॅट्रिक हेन्रीनं स्टॅम्प कायद्याविरुद्ध जिथे आवाज उठवला आणि 1776च्या मे महिन्यात व्हर्जिनियानं जिथे स्वातंत्र्याचा ठराव केला, ती त्या जागेवरची दुसरी इमारत. आज उभी आहे ती पहिल्या इमारतीची प्रतिकृती, आणि ती पहिली तर 1747मध्येच जळाली होती. पहिलीचे पुरावे जास्त होते, तिची गोलाकार टोकं वास्तुकारांना भुरळ घालत होती, म्हणून तिला पुन्हा जन्म मिळाला. गव्हर्नरच्या राजवाड्याची कथाही अशीच. यॉर्कटाउनच्या लढाईनंतर तो जखमींचं इस्पितळ झाला आणि 1781च्या डिसेंबरात जळून गेला. दीडशेहून अधिक सैनिक त्याच्या बागेत पुरलेले आहेत. पुढे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक तांब्याचा ठसा सापडला, त्यावर या गावातल्या मोठ्या इमारती कोरलेल्या होत्या. जेफरसननं स्वतः मापं घेऊन काढलेला आराखडा होता, जमिनीखाली पाया होता. एवढ्या आधारावर 1934मध्ये राजवाडा पुन्हा उभा राहिला. आधी साक्ष जमवायची आणि मगच वीट ठेवायची, या चिकाटीपुढे मी मनापासून नमते. पण साक्ष श्रीमंतांचीच जास्त उरते. राजवाड्याचा ठसा तांब्यावर कोरला जातो, त्याच्या स्वयंपाकघरात राबणारीच्या झोपण्याच्या जागेचा कोण कोरणार?

म्हणून आमच्या नकाशावर आमचीही निवड. लेकीच्या यादीत राजवाडा आहे, त्यामागचा झुडपांचा चक्रव्यूह आहे आणि केसांचे टोप करणाऱ्यांचं दुकान आहे. टोपाला माणसाचे, बकरीचे, घोड्याचे आणि चक्क याकचेही केस लागतात, हे तिला कुठून तरी कळलं आहे. आईच्या यादीत एकच नाव आहे, त्याकडे मी येईनच. माझ्या यादीत आधी कारागीर.

विल्यम्सबर्गचे कारागीर नट नाहीत. ते अठराव्या शतकाचे कपडे घालतात, पण तुमच्याशी आजच्या माणसासारखं बोलतात. त्यांची उमेदवारी वर्षानुवर्षं चालते. लोहाराच्या भात्याशी उभं राहिलं की एक लाल झालेली सळई ऐरणीवर येते, चार-सहा ठोक्यांत टोकदार होते, डोकं घडतं आणि खिळा पाण्यात चुरकतो. तो खिळा याच गावातल्या एखाद्या दारात जाऊन बसतो. लोहाराचा खिळा सुताराला, सुताराचं चाक गाडीला, वीटवाल्याची वीट नव्या भिंतीला. उन्हाळ्यात वीटवाल्यांच्या खड्ड्यात मुलांना अनवाणी उतरून माती तुडवू देतात, आणि पावसाळा-हिवाळा सोसणारी वीट कशी होते ते पायांना कळतं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात, कातडी गोळ्यांनी शाई लावतात, दट्ट्या ओढतात आणि ओला कागद दोरीवर वाळत घालतात. एका पानामागे किती हात असतात ते दिसतं. माझा आग्रह असा की सगळी दुकानं बघायची नाहीत. दोन निवडायची आणि प्रत्येक ठिकाणी एखादी वस्तू पुरी होईपर्यंत थांबायचं. पाच मिनिटं डोकावून पुढे सरकणाऱ्याला वेश दिसतो. थांबणाऱ्याला काम दिसतं.

माझं दुसरं दुकान ठरलेलं आहे. मार्गारेट हंटर या बाईंच्या नावाचं, टोप्या-झालरी-कापडांचं. तिथल्या फळीवर फुलापानांच्या नक्षीचं चिटाचं कापड असतं आणि ती नक्षी थेट आपल्या देशाशी बोलते. कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगारी असं कापड रंगवत आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ते लंडनला नेत. इंग्लंडमध्ये 1721च्या कायद्यानं छापील सुती कापड वापरायला बंदी होती, पण वसाहतींकडे ते पाठवायला मोकळीक होती. त्यामुळे विल्यम्सबर्गच्या एखाद्या बाईच्या घागऱ्यावर हिंदुस्थानी वेलबुट्टी खुशाल फिरत असे. याच कंपनीच्या चहावरून बॉस्टनसारखी यॉर्कटाउनलाही चिडाचीड झाली आणि 1774च्या नोव्हेंबरात चहाच्या पेट्या नदीत गेल्या.

आणि मग तो भाग, ज्यासाठी मी सकाळची ताजी वेळ राखून ठेवली आहे. क्रांतीच्या तोंडावर या गावातली निम्म्याहून अधिक माणसं काळी होती, आणि त्यातली बहुतेक गुलाम. गावानं हे बरीच वर्षं धड सांगितलंच नाही. काळ्या माणसांचं आयुष्य ठरवून मांडायला 1979मध्ये सुरुवात झाली. 1994च्या ऑक्टोबरात गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यात सादर झाला, तेव्हा निषेध करणारे येऊन उभे राहिले. पूर्वजांच्या वेदनेचा खेळ मांडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. ती वेदना लपवू नका, असं सादर करणाऱ्या काळ्या कलाकारांचं. मला दोन्ही म्हणणी पटतात. लेकीला घेऊन मी त्या लिलावासमोर उभी राहिले नसते. पण ब्रे शाळेत मात्र तिला नेणार आहे.

लंडनच्या एका धर्मादाय मंडळानं 1760मध्ये ही शाळा काढली, बेंजामिन फ्रँकलिननं सुचवलं म्हणून. गुलामांची आणि काही स्वतंत्र काळ्या कुटुंबांची लहान लहान मुलं इथे वाचायला शिकत, मुली शिवणही शिकत. अ‍ॅन वेजर ही एकच शिक्षिका, 1774मध्ये ती वारली आणि शाळा संपली. शाळेचा हेतू काही मुलांना मोकळं करण्याचा नव्हता. धर्माचे पाठ द्यायचे आणि नेमून दिलेल्या जागी आज्ञेत राहायला शिकवायचं. पण अक्षर एकदा ओळखीचं झालं की ते कुठे थांबावं हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. मुलांच्या नावांच्या तीन याद्या उरल्या आहेत. इमारत मात्र हरवली होती. खरं तर ती कॉलेजच्या आवारात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, जागा बदललेली, इतकी वाढवलेली-बदललेली की ओळखू न येणारी. 2021मध्ये तिच्या लाकडातली वर्तुळं मोजून झाड कधी तोडलं ते ठरवलं गेलं आणि शाळा सापडली. 2023च्या फेब्रुवारीत ती अख्खी उचलून, गाडीवर चढवून रस्त्यांवरून जुन्या गावात आणली. लोक दुतर्फा उभे होते.

तिच्यापासून थोड्याच अंतरावर नासाऊ स्ट्रीट. फर्स्ट बाप्टिस्ट चर्च ही काळ्या लोकांची मंडळी 1776मध्ये एकत्र आली. तिथलं 1856चं चर्च विसाव्या शतकाच्या मध्यावर गावाचा जीर्णोद्धार करणाऱ्या संस्थेनंच विकत घेऊन पाडलं, आणि पुढे त्या जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. अठरावं शतक उभं करताना काळ्या माणसांचं देऊळ आड येतं, असं कोणाला तरी वाटलं असणार. 2020पासून तिथे खोदकाम झालं, आधीच्या वास्तूचा पाया निघाला, 60हून अधिक कबरी निघाल्या. आज वंशजांना विचारल्याशिवाय तिथे पुढचं पाऊल पडत नाही. या गावाचं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे. आपणच पाडलेलं आपणच खणून काढायला लागण्याचं धैर्य.

आता खाण्याचं. जुन्या खाणावळींत मेणबत्त्यांच्या उजेडात जेवता येतं. किंग्ज आर्म्समध्ये शेंगदाण्याचं सूप मिळतं आणि ते ऐकून दाण्याच्या आमटीवर वाढलेल्या आईचे डोळे चमकले. पण त्यात बहुधा कोंबडीचं पाणी असतं, तेव्हा आधी विचारून घ्यायचं. थालीपिठं आणि दशम्या बरोबर असतीलच.

राहिली आईची यादी. आईनं साताऱ्यात वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. इंग्रज-मराठा युद्धातलं वडगाव, बोरघाट, सालबाई हे तिला तारखांसकट पाठ. लेक पुस्तकातून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची यॉर्कटाउनची शरणागती वाचून दाखवत होती, 19 ऑक्टोबर 1781, आणि आई मधेच म्हणाली, “अगं, त्याच वर्षी एप्रिलात इकडे इंग्रजांच्या गॉडर्डची फौज बोरघाटातून पनवेलकडे पळत होती. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मागे लागले होते तिच्या.” लेकीनं विचारलं, “आजी, मग कॉर्नवॉलिसचं पुढे काय झालं?” तिच्या पुस्तकात तो यॉर्कटाउनला संपतो. आजीच्या पुस्तकात तिथून सुरू होतो. 1786मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला, बंगालच्या शेतकऱ्याच्या मानेवर कायमधारा बसवला, आणि टिपूवर चालून गेला तेव्हा त्याच्या मदतीला आलेल्या मराठी फौजांचे सेनापती तेच होते, हरिपंत आणि परशुरामभाऊ. 1805मध्ये गाझीपूरला मेला, त्याची कबर तिथे आहे. जेवणाचं ताट बाजूला सारून आजीनं हे सगळं सांगितलं आणि मग मला म्हणाली, “त्यानं शस्त्रं टाकली ती जागा मला बघायची आहे. राजवाडे खूप बघितले.”

तो स्वतः आलाच नव्हता. प्रकृतीचं कारण सांगून त्यानं आपल्या हाताखालच्या ओ’हाराला पाठवलं होतं. हे सांगितल्यावर आईचा बेत आणखी पक्का झाला.

मी यॉर्कटाउन रविवारी, परतीच्या वाटेवर ठेवलं होतं. कॉलोनियल पार्कवे जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन जोडतो, 23 मैलांचा, झाडांमधून नदीकडे उतरणारा, तेव्हा ते सोयीचंही होतं. पण रविवारी दुपारी आईचे गुडघे थकलेले असणार आणि ते मैदान चालत हिंडल्याशिवाय तिचं समाधान होणार नाही. शिवाय शनिवारी सकाळी 95 नंबरचा महामार्ग रिचमंडपर्यंत तुंबतो. नकाशा पुन्हा उघडला तेव्हा फ्रेडरिक्सबर्गहून 17 नंबरचा रस्ता फुटलेला दिसला. टॅपहॅनकवरून शेतांमधून जातो, ग्लॉस्टर पॉइंटला यॉर्क नदीवरचा पूल ओलांडतो आणि सरळ यॉर्कटाउनमध्येच उतरवतो. म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं, नदीकाठी थालीपिठं खायची, शरणागतीच्या मैदानात आजीनं नातीला शिकवायचं, आणि तिसऱ्या प्रहरी विल्यम्सबर्गला पोचून हंटरबाईंचं दुकान आणि लोहार. रविवारची सकाळ ब्रे शाळेची आणि नासाऊ स्ट्रीटची. दुपार राजवाड्याची, पण खोल्या भराभर बघायच्या, असं लेकीनं कबूल केलं आहे. चक्रव्यूहाचा वेळ मात्र तिनं एक मिनिटानंही कमी करू दिलेला नाही.