फिल्टर आपोआप चालतो, लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं

माझ्या बऱ्याच पेशंटना ठाऊक आहे, की आमच्या घरी खाऱ्या पाण्याची फिश टँक आहे. साधारण १८० लिटर पाणी, दोन क्लाऊनफिश आणि काही मऊ प्रवाळ. कठीण प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ते मी ठेवत नाही. रात्री ओपीडी संपली की थोडा वेळ टाकीसमोर बसायचं, एवढाच माझा छंद.

या छंदातलं कंटाळवाणं काम म्हणजे फिल्टर. टाकीतलं पाणी खालच्या छोट्या टाकीत उतरतं, तेव्हा वाटेत एका जाड कापडी पिशवीतून गाळलं जातं. उरलेलं खाद्य, माशांची विष्ठा, सगळं त्या पिशवीत अडकतं. दर तीन-चार दिवसांनी ती काढून धुवावी लागते. नाही धुतली तर अडकलेली घाण तिथेच कुजते. तिच्यातून अमोनिया आणि शेवटी नायट्रेट तयार होऊन पुन्हा पाण्यात मिसळतं, म्हणजे गाळून उपयोग शून्य.

पिशवी धुताना हातमोजे घालावेत, हेही सांगून ठेवतो. हातावर लहानशी जखम असेल तर टाकीच्या पाण्यातले 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' नावाचे जंतू आत शिरू शकतात. काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर गाठ येते आणि ती बरी होत नाही. अशी गाठ दाखवायला जाल, तेव्हा घरी फिश टँक आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदान बरंच लवकर होतं.

तर, गेल्या उन्हाळ्यात मी रोलर फिल्टर बसवला. यात पिशवीऐवजी कापडाचा लांबलचक रोल असतो. कापड घाणीने भरलं की पाण्याची पातळी चढते, सेन्सरला ते कळतं, मोटर थोडं फिरते आणि कोरं कापड पुढे येतं. माझं काम संपलं. पावसाळ्यात तापाच्या पेशंटची गर्दी वाढली, तेव्हा तर यंत्राचे मनोमन आभार मानले. जवळपास महिनाभर मी खालच्या टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

एके रात्री पाहिलं तर झेनिया नावाचं प्रवाळ विरघळल्यासारखं झालं होतं आणि खडकांवर तपकिरी थर चढला होता. झाकण उघडलं तर रोल केव्हाच संपलेला. पाणी बाजूच्या वाटेने न गाळताच जात होतं. नायट्रेट नेहमीच्या कितीतरी पट वाढलेलं. पाणी बदललं, रोल बदलला, पण झेनिया वाचलं नाही.

यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझीच होती. पिशवी धुताना मी नकळत बरंच काही बघायचो: घाण किती साठली, वास कसा येतोय, मासे खातायत का. धुण्याबरोबर ते बघणंही बंद झालं होतं.

त्याच आठवड्यात मधुमेह आणि बीपी असलेले एक गृहस्थ बऱ्याच दिवसांनी आले. पाय सुजलेले. "डॉक्टर, एकही गोळी चुकवली नाही हो. मुलीने मोबाईलवर लावून दिलंय, दर महिन्याला औषधं घरपोच येतात." ते खरंच बोलत होते. पण दीड वर्षात एकही तपासणी झाली नव्हती. लघवीतून प्रथिनं जात होती आणि क्रिएटिनिन वाढलं होतं. त्यांना रागवायला तोंड उघडलं आणि स्वतःची टाकी आठवली.

आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, म्हणजे माझी अख्खी टाकी. त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा शरीर परत घेतं. हा फिल्टरही आपोआप चालतो आणि बिघडू लागला तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, बरं वाटत असलं तरी. औषधं जरूर घरपोच मागवा, गोळ्यांचे गजर लावा. पण त्याच मोबाईलवर तपासणीची तारीखही लावा.

त्या गृहस्थांची औषधं बदलली. आता ते ठरल्या तारखेला येतात. आणि मी दर रविवारी सकाळी झाकण उघडून रोल किती उरलाय ते बघतो.