हातोडा बाजूला ठेवून

अमेरिकेतल्या एका घरगुती गॅरेजात जनरल मोटर्सची जुनी गाडी उभी असते. वरखाली झुकणारे तिचे स्टिअरिंग हातात डुगडुगते. दुखणे क्षुल्लक; स्तंभातले चार बोल्ट सैल झालेले. वाट मात्र बिजागरीच्या दोन खिळींनी अडवलेली. भोकात त्या इतक्या समतल बसलेल्या, की पकडीला धरायला कंगोराच नाही.

हातोडा समोरच असतो. पण 1967 सालच्या गाड्यांपासून हा स्तंभ धडकेत आखडून चालकाची छाती वाचवावी, असा घडवलेला. घावाने त्यातल्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटू शकतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

मग स्क्रूंचा डबा उपडा होतो. एक लांब स्क्रू, नट, वॉशर, जुने सॉकेट. खिळीच्या पोटात बारीक आटे असतात. कारखान्यात कुणाला तरी दुरुस्ती करणाऱ्याची आठवण होती म्हणायची! सॉकेट खिळीभोवती टेकवायचे, त्यातून स्क्रू आत पिळायचा आणि नट आवळत राहायचे. नटाला पुढे सरकायला वाव नसतो. खीळच करकरत सॉकेटात शिरते. कंपनीचे हत्यार याहून देखणे असते, एवढेच.

सकाळी गाडी मुलगी नेणार असते. दुसरी खीळ अजून आतच आहे.