कीर्दीवर घडलेली माणसं

जुन्नर-आंबेगावात एके काळी हिशेब शिकायचा म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करावी लागे. नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारात अडतीवर दिवाणजी असे, गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत सचिव असे, दूध संस्थेत लेखनिक असे. दहावी-अकरावी झालेला पोरगा त्यांच्याजवळ बसायचा. आधी पावत्या लावायच्या, मग बेरजा तपासायच्या, मग खतावणी करायची. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हातात यायला वर्ष-दीड वर्ष जाई. ताळेबंद मांडू देईपर्यंत आणखी दोन-तीन. प्रमाणपत्र कुणी देत नसे, पण पंचक्रोशीला ठाऊक असे की याचा मेळ चुकत नाही. तेवढ्यावर त्याला दुसऱ्या संस्थेतून बोलावणं येई.

माझे वडील गटसचिव होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. एका गटसचिवाकडे तीन-चार गावांच्या सोसायट्या असत. पत्र्याच्या ट्रंकेत दप्तर घालून एसटीने घोडेगावला, तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने किंवा पायी. कर्जरोखे, कमाल मर्यादा पत्रकं, सातबाऱ्याचे उतारे, जिल्हा बँकेचं पासबुक असं सगळं त्या ट्रंकेत असे. पश्चिमेला आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरातल्या आदिवासी गावांत पावसाळ्याच्या तोंडावर खावटी कर्ज वाटायचं असे. पूर्वेला ऊस, कांदा, बटाटा यांचं पीककर्ज. जूनअखेरची वसुली आली की तात्या घरी फक्त झोपायला येत. रात्री कंदिलाखाली कीर्द लिहीत. शिल्लक जुळल्याशिवाय जेवायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

त्या काळी सोसायटीचं ऑडिट सरकारच करी. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या 81 व्या कलमाने निबंधकावर दरवर्षी संस्थेचे हिशेब तपासून घेण्याची जबाबदारी टाकली होती. म्हणून सहकार खात्याचे ऑडिटर गावात येत आणि तीन-चार दिवस मुक्काम करत. सोसायटीच्या कार्यालयातच सतरंजी पसरलेली असे. आल्या आल्या साहेब पाणीही न घेता म्हणत, ‘आधी पेटी उघडा.’ रोख शिल्लक स्वतःच्या हाताने मोजायची, कीर्दीशी ताडायची, तिथे सही करायची आणि मग चहा. पुढे खताच्या गोदामात जाऊन पोती मोजायची, साठा नोंदवहीशी ताळा घ्यायचा. सभासदांना पासबुकं घेऊन बोलवायचं आणि खात्यातली बाकी तोंडाने वदवून घ्यायची. ‘एवढं येणं आहे, कबूल आहे का?’ या प्रश्नाला म्हातारा शेतकरी काय उत्तर देतो, देताना कुणाकडे पाहतो, हे अनुभवी ऑडिटर टिपून ठेवी.

या मुक्कामात गावातली एक-दोन मुलं मदतीला असत. मीही होतो. लाल पेन्सिलीने खुणा करायला मिळाल्या की मोठं झाल्यासारखं वाटे. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींची यादी, जुळेना तर काय करायचं, हे मी तिथे शिकलो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, 54 चे 45 पडले आहेत. तसं नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो. उचंत खात्यात वर्षानुवर्षं पडलेली रक्कम दिसली की ती कुणाच्या नावाची, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. सगळी पावती पुस्तकं एकाच शाईत आणि एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसली तर थांबायचं. यातलं बरंच पुढे पुस्तकांतही सापडलं, पण मनात रुजलं ते त्या सतरंजीवर.

त्या मुलांपैकी काहीजण पुढे जी.डी.सी. अँड ए. म्हणजे सहकार व लेखा शासकीय पदविकेच्या परीक्षेला बसले. लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि कायदे असे विषय. पुस्तक उघडलं तेव्हा त्यांना फार काही नवीन वाटलं नाही, कारण दोषदुरुस्ती अहवालाचे मसुदे त्यांनी आधीच शेकड्याने लिहून काढले होते. त्यांना जे येत होतं त्याला परीक्षेने नाव दिलं, एवढंच.

हिशेबाची ही परंपरा आमच्या मातीत फार जुनी आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची मोजदाद त्यात अंकांत कोरली आहे, आणि ते अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या सात खोल्यांच्या लेण्याची आणि पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे धर्मकार्यासाठी रक्कम गुंतवल्याचीही आहे. या श्रेणी म्हणजे त्या काळच्या व्यावसायिकांच्या संघटना. लोक त्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवत. पुढे मराठेशाहीत जुन्नरचा हातकागद नावाजला आणि दप्तरात वापरला गेला. माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत मोडीतली रोजकीर्द होती. ती शिकवणारी शाळा नव्हती, शिकवणारा दिवाणजी होता.

सरकारने हिशेब तपासणीच्या धंद्याला नियम लावले तेव्हाही सुरुवात अनुभवालाच मान देऊन झाली. 1913 चा कंपनी कायदा 1914 मध्ये अमलात आला आणि ऑडिटरला प्रांत सरकारचं प्रमाणपत्र लागू लागलं. त्यात मर्यादित प्रमाणपत्राचाही एक प्रकार होता. ते घेणाऱ्याला त्याच प्रांतात आणि प्रमाणपत्रात लिहिलेल्या भाषेतल्या वह्याच तपासता येत. देशी भाषेत हिशेब तपासत आयुष्य घालवलेल्या माणसासाठी ती वाट होती. पुढे ती बंद झाली. 1918 मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची पदविका सुरू केली. तिच्यातही परीक्षेबरोबर जाणत्या लेखापालाकडची उमेदवारी होतीच. 1932 मध्ये सगळ्या देशासाठी एक नोंदवही आली आणि ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ हा वर्ग तयार झाला. 1 जुलै 1949 ला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली, तेव्हा या रजिस्टर्ड अकाउंटंटांनाच सभासद म्हणून नोंदवून घेण्यात आलं. सुरुवातीला सभासद होते सुमारे 1,700. आज ते चार लाखांच्या वर आहेत.

नव्या मुलांसाठी मात्र परीक्षा आणि आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी अशी दुहेरी चाळणी राहिली. 2023 च्या नव्या योजनेत तीन वर्षांची आर्टिकलशिप दोन वर्षांवर आली. इंग्लंडमधल्या ए.सी.सी.ए. या संस्थेतही सगळे पेपर सुटले तरी तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवल्याशिवाय सभासदत्व मिळत नाही. जगभर या धंद्याने एक गोष्ट मानली आहे : परीक्षेने ज्ञान कळतं, पण सही करायचा अधिकार कामातून यावा.

आमच्या तालुक्यांना जवळचा दरवाजा मात्र सहकार खात्याच्या नामतालिकेचा, म्हणजे मान्य लेखापरीक्षकांच्या यादीचा. 2013 मध्ये सहकार कायदा मोठ्या प्रमाणावर बदलला. संस्थेने आपला लेखापरीक्षक वार्षिक सभेत स्वतः नेमायचा, तो निबंधकांच्या नामतालिकेतलाच हवा, असं ठरलं. नामतालिकेत चार्टर्ड अकाउंटंट येतात, तसेच प्रमाणित लेखापरीक्षकही येतात. प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला पदवी आणि सहकार लेखा पदविका तर हवीच, शिवाय संस्थांच्या लेखापरीक्षणाचा अनुभव हवा आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान हवं. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसालाही यादीत जागा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भाषेच्या प्रमाणपत्राची आठवण व्हावी, असंच मराठीच्या ज्ञानाचं हे कलम आहे. सभासद मराठीत बोलतो, ठराव मराठीत होतो, रोखा मराठीत असतो. तो वाचता येणाऱ्यानेच हिशेब तपासावा, हे योग्यच आहे.

आता काम कसं चालतं? सोसायटीत संगणक आला आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने जून 2022 मध्ये मंजूर केली, 63,000 संस्था आणि 2,516 कोटी रुपयांची. दूध संस्थेत फॅटचा आकडा यंत्रातून थेट पावतीवर उतरतो आणि दहा दिवसांचा दुधाचा पगार बँकेत जमा होतो. पतसंस्थेचा पिग्मी एजंट हातातल्या यंत्रावर पावती देतो. तेरीज जुळवायला रात्र जागावी लागत नाही. एका लेखापरीक्षकाला वर्षात वीसपेक्षा जास्त संस्था घेता येत नाहीत, एक लाखाच्या आतल्या भागभांडवलाच्या लहान संस्था सोडून. एकाच संस्थेत सलग तीन वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. अपहार दिसला तर निबंधकांना विशेष अहवाल देणं आणि पोलिसांत फिर्याद नोंदवणं ही त्याचीच जबाबदारी आहे. हे सगळं चांगलं झालं. पूर्वी ऑडिट दोन-दोन, तीन-तीन वर्षं तुंबायचं. तोवर पैसे खाणारा निघूनही गेलेला असे, आणि रडायची वेळ येई ठेवीदारावर.

आणखीही एक चांगलं झालं. जुनी उमेदवारी ओळखीवर मिळे. सचिवाचा मुलगा, चेअरमनचा भाचा, दिवाणजीच्या आळीतला पोरगा यांना सतरंजीवर जागा असे. मुलींना तिथे कुणी बसवल्याचं मला आठवत नाही. माझी बहीण माझ्यापेक्षा भराभर बेरजा करायची, पण तिला लाल पेन्सील कुणी दिली नाही. आज घोडेगाव, जुन्नर, ओतूर, मंचर इथल्या मुली बी.कॉम. करून पदविकेला बसतात, नामतालिकेत नाव लावतात, साखर कारखान्याच्या, पतसंस्थेच्या हिशेबात चुका दाखवतात. ज्याचं कुणी ओळखीचं नाही अशा डोंगरातल्या मुलालाही परीक्षेचा फॉर्म भरता येतो. हा दरवाजा परीक्षेने उघडला. तो पुन्हा ओळखीच्या हातात जाऊ नये.

तरीही जे हरवलं त्याचं दुःख वाटतं. पूर्वी ऑडिटर गावात राहायचा, आता बऱ्याचदा गावचं दप्तर त्याच्या ऑफिसात जातं. पेन ड्राइव्हवर डेटा, पिशवीत व्हाउचर, आणि सही करायला सचिवाला तालुक्याला बोलावणं. पेटी कधी उघडली, कुणी मोजली, हे नुसतं लिहिलेलं असतं. संगणकात जमा-नावे आपोआप जुळतं. त्यामुळे ‘जुळलं म्हणजे बरोबर’ असं नव्या मुलांना वाटू लागलं आहे. पण खोट्या कर्जदाराच्या नावाने टाकलेलं कर्जही पै न पै जुळतं. ते उघडं पडतं ते पासबुक घेऊन आलेल्या सभासदासमोर, नाहीतर रिकाम्या गोदामात. पतसंस्था बुडाल्या तेव्हा त्यांच्या ताळेबंदाची दोन्ही अंगं सारखीच होती. बुडालेली होती ती माणसांची जमवलेली पुंजी.

आणि लेखापरीक्षणाचा अनुभव? कायद्यात तो आहे. पण तो अनुभव कसा घ्यायचा आणि कोण देणार, हे मुलांवर सोडलं आहे. पदविका झालेला मुलगा जाणत्या लेखापरीक्षकाकडे जातो. काही ठिकाणी त्याला खरंच गावोगाव नेतात. काही ठिकाणी तो फक्त टायपिंग करतो आणि अनुभवाचा दाखला घेऊन बाहेर पडतो. मला माहीत असलेल्या एका मुलाने दाखला मिळेपर्यंत एकाही संस्थेची पेटी उघडलेली पाहिली नव्हती. त्याची चूक मी मानत नाही. त्याला कुणी दाखवलीच नव्हती. कलम सांभाळलं गेलं, ते ज्यासाठी केलं ते मात्र राहून गेलं.

म्हणून जुन्या पद्धतीकडे परत जा, असं मी म्हणणार नाही. ट्रंक नको, कंदील नको, ओळखीची उमेदवारीही नको. परीक्षा राहू दे, संगणक राहू दे, नामतालिका राहू दे. फक्त तो अनुभव खरा असू दे. सहकार खात्याला एवढंच सांगणं आहे, की अनुभवाच्या दाखल्यावर संस्थांची नावं लिहून घ्या. रोख कोणत्या तारखेला मोजली, साठा कुठे तपासला, किती सभासदांची खाती समोरासमोर पडताळली, हे त्या मुलाच्या हस्ताक्षरात मागा. ज्येष्ठ लेखापरीक्षकांना हात जोडून विनंती आहे. तुम्हाला कुणीतरी सतरंजीवर बसवलं होतं, तसंच एका मुलाला आणि एका मुलीला दरवर्षी सोबत घ्या, आहुप्यापर्यंत न्या, सातगाव पठारावर न्या. आणि जुन्नर-आंबेगावच्या सभासदांनो, यंदा सप्टेंबरअखेर वार्षिक सभेत लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा ठराव पुकारला जाईल तेव्हा हात वर करण्याआधी एकच विचारा : साहेब आमच्या गावात येणार आहेत का?