कारंज्याच्या अंगणातील हॅलोविन

२०२४ साली पंचांगाने एक गंमत केली. ३१ ऑक्टोबरला आपली नरकचतुर्दशी आली आणि त्याच तारखेला अमेरिकेतील मुलांचा हॅलोविन. एरवी वाशीम जिल्ह्यात या दोहोंचा संबंध कोणी लावला नसता. परंतु कारंजा लाड येथील एका जुन्या अडत व्यापाऱ्याच्या घरी तो लावावा लागला. कारण न्यू जर्सीहून आठ वर्षांची नात दिवाळीसाठी आली होती आणि आपला हॅलोविन बुडाला म्हणून दोन दिवस रुसून बसली होती.

घराची अवस्थाही नेहमीची नव्हती. आजी श्रावणात गेल्या होत्या. या वर्षी आकाशकंदील लावायचा नाही, अंगणात रांगोळी घालायची नाही, फराळ आल्यागेल्यापुरताच करायचा, असे आजोबांनी ठरविले होते. अमावास्येच्या पहाटेचा निर्वाण लाडू आणि सायंकाळचे वहीपूजन, एवढेच चुकवायचे नव्हते. शास्त्रात सुतक मोजक्या दिवसांचे असते, वर्षभराचा दुखवटा ही केवळ लोकरीत आहे, हे त्यांना ठाऊक होते. लहानपणी महावीर ब्रह्मचर्याश्रमात शिकलेला माणूस. परंतु ठाऊक असले म्हणून कंदिलाची दोरी ओढायला हात वर होतोच असे नाही.

नातीने आपल्या बॅगेत प्लास्टिकचा एक हाडांचा सापळा आणला होता. तिकडे या दिवशी लोक असे सापळे, भुते आणि वटवाघळे घरासमोरच्या हिरवळीवर मांडतात. तिने तो अंगणातील कडुनिंबाला टांगला. सून गोरीमोरी झाली. आजोबा दुकानातून आले, क्षणभर उभे राहिले आणि काही न बोलता आत गेले. रात्री सापळा उतरवून त्यांनी नीट घडी केली व कपाटात ठेवला.

सकाळी नातीने विचारले, “आजोबा, तुम्हाला भीती वाटली का?”

“नाही गं,” ते म्हणाले, “भीती नाही वाटली.” याहून अधिक त्यांना सांगता आले नाही. मुलगी समजायचे ते समजली असावी, कारण तिने सापळा पुन्हा मागितला नाही. मागितला तो भोपळा.

हॅलोविनचे मूळ आयर्लंडकडचे. सुगी संपून हिवाळा लागतो त्या संधीला मृतांचे आत्मे फिरतात, अशी तेथील जुनी समजूत. सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. आयरिश लोक अमेरिकेत गेले, तेथे त्यांना मोठा, मऊ आणि कोरायला सोपा असा भोपळा मिळाला, आणि सलगम मागे पडले. संतांच्या स्मरणदिनाची आदली रात्र म्हणून ख्रिस्ती पंचांगाशी त्याची सांगड त्याच्या कितीतरी आधीच बसली होती. आज मुले वेषांतर करून दारोदार खाऊ मागत फिरतात, एवढेच मुलांपुरते त्याचे रूप उरले आहे.

हे सर्व सुनेने सांगितले तेव्हा आजोबा प्रथमच हसले. म्हणाले, “म्हणजे तुमची भुलाबाईच की!” आणि खरोखरच वऱ्हाडातील जुन्या पिढीला हे वेगळे सांगावे लागत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत, धांड्यांच्या मखरात मातीचे भुलाबाई-भुलोजी बसवीत, आणि झाकलेला डबा खुळखुळवून आतली खिरापत ओळखल्याखेरीज कोणाला खाऊ मिळत नसे. आजींना ही खिरापत लपविण्याचा भारी नाद होता. डब्यात वाटाणे घालून वर कापूस दाबायचा, म्हणजे आवाजावरून कोणाला काही कळू नये, ही त्यांची युक्ती गल्लीत प्रसिद्ध होती.

भोपळ्याची अडचण मात्र दुहेरी होती. ३१ तारखेला चतुर्दशी. घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाहीत. शिवाय खाण्यासाठी नव्हे, तर तोंड कोरून चार दिवसांनी उकिरड्यावर टाकण्यासाठी फळ कापायचे, हे आजोबांना पटेना. नात हिरमुसली तेव्हा त्यांनी तिला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. दुःस्वप्न टळावे म्हणून आईच्या आग्रहावरून राजाने जिवंत पशूऐवजी पिठाचा कोंबडा करून बळी दिला, आणि तेवढ्या संकल्पासाठी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत भोगावे लागले. पुष्पदंत कवीने दहाव्या शतकात अपभ्रंश भाषेत रचलेले हे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिले आणि ते प्रसिद्ध झाले ते याच कारंज्याच्या ग्रंथमालेतून. आपल्या गावाचा हा मान गावातीलच किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.

नातीने गोष्ट मन लावून ऐकली आणि एक बिनतोड प्रश्न केला: “पण मी भोपळ्याला मारणार नाही. मी त्याला हसवणार आहे.”

यावर आजोबांजवळ उत्तर नव्हते. ते उठले आणि परसातून उन्हाळ्यातला जुना माठ घेऊन आले. काठाला चीर गेल्यामुळे तो पाण्याच्या उपयोगाचा राहिला नव्हता. टाकवत नाही म्हणून ठेवलेली वस्तू. व्यापाऱ्याच्या घरात अशी शिल्लक निघतेच.

माठ कोरण्याचे काम दिसते तितके अवघड नाही. रात्रभर तो पाण्यात बुडवून ठेवला म्हणजे माती कमी तडकते आणि धूळही उडत नाही. डोळे व तोंड जेथे हवे तेथे कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने आकार काढायचा. लाद्यांना भोके पाडण्याचे बारीक पाते ड्रिलला लावून, ठोक्याची कळ बंद ठेवून, सावकाश एकाला लागून एक भोके पाडीत जायचे. मग मधला तुकडा हलक्या हाताने निघून येतो. कडा कानशीने घासायच्या. घाई करणाऱ्याचा माठ फुटतो. आजोबांचा डावा डोळा थोडा मोठा झाला, तो तसाच राहिला, आणि त्यामुळे चेहरा अधिकच हसरा दिसू लागला. खाली बांबूच्या दोन काठ्यांची फुली, त्यावर जुना सदरा, आत सोयाबीनचे कुटार. पाहता पाहता अंगणात वऱ्हाडी शेतातले बुजगावणे उभे राहिले. पाखरांना भिववून दाणा राखणारे आणि पाखराला इजा न करणारे हे आपले भूत खरे तर कोणत्याही सापळ्याहून सोयीचे.

मुलीला आता पांढऱ्या कापडाचे भूत हवे होते. सूनबाई स्वयंपाकघरात असताना तिने पेटी उघडली आणि मलमलीचा एक धुवट तुकडा घेऊन आली. आजींच्या पूजेच्या पांढऱ्या लुगड्याचा तो पदर होता. लुगडे विरले तेव्हा त्यांनीच तो कापून ठेवला होता. सुनेने पाहिले आणि ती जागीच थबकली. “बाबा, तिला ठाऊक नव्हतं,” एवढेच ती म्हणाली.

आजोबांनी कापड हातात घेतले. बराच वेळ ते नुसते धरून बसले. मग नातीला म्हणाले, “याचं भूत नको करू. याचं दुसरं काम आहे.”

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे दिव्याभोवती बारीक किड्यांची झुंबड उडते. पणतीवर तर ते जळतातच. पण बॅटरीचा दिवा असला तरी माठात शिरलेला किडा बाहेर पडत नाही, तेथेच मरतो. म्हणून आजोबांनी पांढऱ्याऐवजी पिवळ्या उजेडाचा दिवा आणविला, कारण पिवळ्याकडे किडे कमी येतात; आणि डोळ्यांवर, तोंडावर व माठाच्या उघड्या काठावर मलमलीचे तुकडे कणकेच्या खळीने बाहेरून ताणून चिकटविले. उघडी आग आत नव्हती, त्यामुळे कापडाला धोका नव्हता. पणती ठेवणाराने मात्र असे कापड लावू नये.

चतुर्दशीच्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी, गल्लीतली पंधरा-वीस मुले जमली. खाऊ दिवसाउजेडीच वाटायचा होता. नातीने डबा खुळखुळविला. आत वाटाणे, वर कापूस. एकालाही चिक्की ओळखता आली नाही. अंधार पडल्यावर बुजगावण्याचा चेहरा उजळला. मलमलीतून आलेला उजेड भोकातून येतो तसा टोचत नव्हता. अंगणभर मऊ पसरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा नातीला घेऊन मंदिरात निघाले. पावापुरीला महावीरस्वामींचे निर्वाण झाले तेव्हा लोकांनी दीप उजळले आणि तेव्हापासून हा दीपोत्सव चालत आला, असे जिनसेनाचार्यांनी इ. स. ७८३ च्या हरिवंशपुराणात सांगितले आहे. वाटेत मुलीने विचारले, “कोणी गेल्यावर दिवे का लावले?” आजोबांनी ती गोष्ट सांगितली आणि मध्येच थांबून फाटकाकडे वळून पाहिले. माठ अजून उजळलेला होता.

लाडू चढवून परत आल्यावर त्यांनी माळ्यावरून आकाशकंदील काढायला सांगितला. संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत २५५१ लिहिले गेले, तेव्हा तो कडुनिंबाच्या फांदीला लागला होता.